गहू, बोरं आणि ज्येष्ठमध

"तो फोन आधी खाली ठेव," थंग वैद्य म्हणाले. "मला दोन नाड्या लागतायत. एक तुझी आणि एक तुझ्या साहेबाची."

सूयिनने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. डावा हात छोट्या उशीवर होताच. फोन ठेवल्या ठेवल्या दोनदा थरथरला आणि तिची बोटंही त्याच्याबरोबर हलली. वैद्यांनी तिच्या मनगटावरची तीन बोटं उचलली, पुन्हा ठेवली आणि डोळे मिटले. मी खणांच्या कपाटापाशी उभा राहून भलत्याच कुणाच्या तरी पुड्या बांधत होतो, पण कान तिकडे होते. दुकानात दिवसभर माणसं येऊन नाडी दाखवतात, मी कधी मान वर करत नाही. पण ही माझी मुलगी होती.

"झोप लागते का?"

"लागते. तीनला जाग येते."

"मग काय करतेस?"

"मेसेज बघते."

"तीन वाजता कोण मेसेज पाठवतं तुला?"

"ऑफिसातले. तेही जागेच असतात ना."

दुसऱ्या कुणी असं सांगितलं असतं तर वैद्य हसले असते. त्यांनी तिला जीभ काढायला लावली. जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटले होते, ते मला लांबूनही दिसले.

"जिना चढताना धाप लागते?"

"जिना कुठला? अठ्ठावीस मजले आहेत. लिफ्ट असते."

"लिफ्टमध्ये उभं राहवतं का?"

"टेकून उभी राहते," म्हणाली.

वैद्यांनी हात सोडला. "हे बघ पोरी, औषध मी देतो. पण औषध नुसतं सोबतीला असतं. तुला विश्रांती पाहिजे. तीन महिने. काम सोडता येईल?"

सूयिनने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "राजीनामा लिहून ठेवलाय. सुट्टी संपली की देणार आहे. बाबांना अजून सांगितलं नव्हतं."

माझ्या हातातल्या पुडीची गाठ सुटली.

मी बाओ गनश्वे. लानशीच्या जुन्या पुलाजवळच्या या औषधाच्या दुकानात तेव्हा मला एकतीस वर्षं झाली होती. वैद्य लिहितात, मी खणातून काढतो. काटा समोर असतो, पण तो गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. मुठीत धरलं की बारा ग्रॅम म्हणजे बारा ग्रॅम, हवं तर पैज लावा. आमच्या कामाचा नियम एकच. कागदावर प्रत्येक जिन्नसाची वेगळी ढिगली मांडायची, सगळं एकत्र ओतायचं नाही, म्हणजे तपासणाऱ्याला काय किती पडलंय ते दिसतं. चिठ्ठीत आहे तेवढंच. आपली अक्कल पाजळायची नाही. एवढ्या वर्षांत माझ्या ढिगल्या कुणी तपासल्या नव्हत्या. गरजच पडली नव्हती. याचा मला किती माज होता ते आता कळतं.

सूयिनची चिठ्ठी माझ्या हाती आली तेव्हा मी ती उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. पुढे तीनच ओळी होत्या. गहू, ज्येष्ठमध, वाळवलेली लाल बोरं.

ती बाहेर फोनवर बोलायला गेली होती. मी चिठ्ठी घेऊन वैद्यांच्या टेबलापाशी गेलो.

"वैद्यबुवा, हे औषध आहे की न्याहारी?"

"न्याहारीच आहे. वेळेवर न्याहारी करत असती तर इथे कशाला आली असती?"

"पोरगी उभी राहू शकत नाही आणि तुम्ही गहू देताय. दुसऱ्यांना पंधरा पंधरा जिन्नस लिहिता."

"अरे बाओ, दुसऱ्यांना लिहितो ते त्यांचं समाधान व्हावं म्हणून."

"थोडं जिनसेंग तरी—"

"अजिबात नाही." त्यांनी चष्मा काढला. "दिव्यात तेल संपत आलंय. तू वात वर ओढायला सांगतोयस. उजेड पडेल, छान पडेल. किती वेळ? असं थकलेलं शरीर ताकदीचं औषध पेलत नाही, हे तुला मी शिकवायचं का?"

मला हे माहीत होतं. दुकानात येणाऱ्या बायकांना मी स्वतः हेच सांगत असे. दुसऱ्याच्या मुलीबद्दल बोलताना सगळे शहाणे असतात.

सूयिनची आई, पोर आठ वर्षांची असताना निंगबोला बहिणीकडे म्हणून गेली ती तिकडचीच झाली. तेव्हापासून आम्ही दोघंच. मी पुड्या बांधल्या, ती शिकली. हांगचौला नोकरी लागली तेव्हा गल्लीत मी सगळ्यांना सांगितलं, काहींना दोनदा सांगितलं. चहाच्या टपरीवर माझ्यासाठी बाक सरकवून जागा करत. "हांगचौवाले आले," म्हणत. चेष्टाच होती, पण मला ती गोड लागायची. आणि त्याच टपरीवर मी फांगकडेही बघत असे. त्याचा मुलगा शांघायची नोकरी सोडून जरा विश्रांतीला म्हणून घरी आला होता. त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती, नदीवर गळ टाकून बसलेला असायचा. फांग टपरीवर आला तरी सगळ्यांकडे पाठ करून बसायचा.

त्या संध्याकाळी सूयिन पेजेची वाटी पुढे घेऊन बसली होती. चमचा तोंडापर्यंत नेऊन खाली ठेवायची.

"बाबा, रागावलात?"

"मी कशाला रागावू?"

"तीन महिने इथेच राहीन. मग बघू. गावातच काहीतरी मिळेल. नाहीतर तुमच्या शेजारी उभी राहीन पुड्या बांधायला."

"तुला खण तरी सापडतील का?"

"लहानपणी पाठ होते मला सगळे."

होतेच पाठ. खणांवरची नावं वाचतच ती लिहायला शिकली होती. मी 'बरं' म्हणालो, पण माझ्या डोळ्यांसमोर फांगची पाठ येत होती.

माझ्याकडे एक जिनसेंगचं मूळ होतं. रानातलं, जुनं, बोटभर लांब, खाली दाढीसारखी मुळं. मला हे काम शिकवलेल्या म्हाताऱ्या गुरूंनी जाताना दिलेलं. पत्र्याच्या डब्यात, कीड लागू नये म्हणून उग्र वासाच्या काड्यांत पुरून ठेवलेलं. असं मूळ आमच्याकडे लोक स्वतःसाठी राखून ठेवतात, शेवटच्या दिवसासाठी. माणूस जायला टेकला की त्याची चकती जिभेखाली ठेवायची. जाणारा श्वास थोडा वेळ टिकून राहतो, लांबचं लेकरू येईपर्यंत धीर धरतो. हांगचौहून लानशीला यायला गाडी बदलून तीन तास लागतात. मी हिशोब करूनच ते ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो डबा उघडला. गहू, ज्येष्ठमध, बोरं मडक्यात घातली आणि वर पातळ कापलेल्या जिनसेंगच्या चार चकत्या टाकल्या. सूयिन आत झोपलेली होती. वासाने तिला कळेल अशी भीती वाटली म्हणून आलं ठेचून टाकलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी चिठ्ठी बदलली, आणि सांगायला लाज वाटते, मला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"कडू आहे," ती म्हणाली.

"औषध आहे ते. सरबत नव्हे."

"वैद्यबुवा तर म्हणाले होते, गोड लागेल."

"वैद्यबुवांनी कधी पिऊन पाहिलंय का?"

चौथ्या दिवशी ती नदीच्या घाटाच्या पायऱ्या न थांबता चढली आणि वरून मला हाक मारली. पाचव्या दिवशी गाडीवर उभ्याउभ्या दोन अंड्याच्या पोळ्या खाल्ल्या, ओठांचं तेल हाताच्या पाठीने पुसलं, अगदी शाळेत असताना पुसायची तसं. गालांवर रंग आला. ती हसली की मी टपरीच्या दिशेने बघत असे, कुणी पाहतंय का म्हणून. सहाव्या दिवशी न्याहारीला ती म्हणाली,

"बाबा, मी राजीनामा फाडून टाकला."

"का गं?"

"कशाला द्यायचा? मला काही झालेलंच नाही. जरा थकले होते एवढंच. वैद्यबुवांनी उगीच घाबरवलं."

मी काय करायला हवं होतं ते उघड आहे. मी तिची बॅग भरायला मदत केली. बसने जिनहुआपर्यंत जाऊन तिथल्या स्टेशनवर गाडी हलेपर्यंत उभा राहिलो आणि परतताना बसमध्ये शीळ घातली. मला माझी मुलगी बरी व्हायला हवी होती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. खरी गोष्ट अशी की मला ती कामावर जायला हवी होती.

आता चोथ्याची गोष्ट. काढा उकळून झाला की उरलेला चोथा आमच्याकडे घरात टाकत नाहीत, रस्त्यावर ओततात. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी तुडवला की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं म्हणतात. हल्ली झाडूवाले ओरडतात, पण जुनी माणसं ऐकत नाहीत. मीही सहा दिवस गल्लीच्या तोंडाशी चोथा ओतला. रोज तिथूनच थंग वैद्य सकाळी फिरायला जायचे, आणि म्हातारा वैद्य चोथा दिसला की काठीने उकरून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं. कोण आजारी आहे, कोण कुणाचं औषध घेतंय, कुठला वैद्य काय घोळ घालतोय, सगळी बातमी त्यांना तिथेच मिळायची. आपण आपली चोरी स्वतःच्या हाताने चव्हाट्यावर मांडली, आणि तीही मुलीचं दुखणं जावं म्हणून.

त्या आठवड्यात गुडघे धरल्याने त्यांचं फिरणं बंद होतं. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुकानाच्या फळ्या काढत होतो. वैद्य फिरून आले, रुमाल उघडला आणि माझ्यासमोर ठेवला. आत एक चकती होती, शिजून फुगलेली, चिखल लागलेली.

"गहू माझे," ते म्हणाले. "बोरं माझी. हे कुणाचं?"

मी हातातली फळी भिंतीला टेकवली.

"किती दिवस?"

"सहा."

"आणि पोरगी?"

"बरी झाली, वैद्यबुवा. कामावर गेली."

ते खुर्चीत बसले. ओरडले असते तर मीही काहीतरी बोललो असतो. ते हळू आवाजात म्हणाले, "मूर्खा, मी तिला मुद्दाम असं औषध दिलं होतं की बरं वाटायला तीन महिने लागावेत. थकवा तिला थांब म्हणत होता. नोकरी सोडायचं तिने स्वतःच ठरवलं होतं. अशी माणसं माझ्याकडे वर्षाला दोन येतात, बाओ, जी स्वतःहून थांबायला तयार असतात. तू तिचं ते दार लावून टाकलंस."

"पण तिला बरं वाटत होतं हो."

"वाटणारच. फोन कर तिला. आत्ता, माझ्यासमोर. सांग काय केलंस ते."

मी फोन लावला. तिने दुसऱ्या घंटीला उचलला.

"बाबा! मीटिंगमध्ये आहे. बरं झालं फोन केलात. मला अख्खी टीम दिली, बावीस जण! साहेब म्हणाले, सुट्टीवरून वेगळीच होऊन आलीस. तुमच्या त्या कडू काढ्याची कमाल. काय म्हणत होतात?"

वैद्य माझ्याकडे बघत होते.

"काही नाही," मी म्हणालो. "शाब्बास. जेवलीस का?"

"जेवते. ठेवू?"

"ठेव."

वैद्यांनी रुमाल घडी करून खिशात घातला आणि पहिल्या गिऱ्हाइकाला हाक मारली. मला वाटलं, मालकांना सांगतील, मला काढतील. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठीनंतर खुर्चीतून उठायचे, गुडघ्यांवर हात टेकत माझ्या टेबलापाशी यायचे आणि माझ्या ढिगल्या तपासायचे. एकेक. काट्यावर घालून. गिऱ्हाइकं विचारायची, "काय हो बाओ, म्हातारपणी हात चुकायला लागला का?" मी हो म्हणायचो. दोन वर्षं, दुकानातल्या त्यांच्या शेवटच्या दिवसापर्यंत ते उठत राहिले. गेल्या हिवाळ्यात ते वारले. अंत्ययात्रेत मी मागून चाललो.

सूयिन फोनवर नेहमी बरीच असायची. टीमची चाळीस माणसं झाली. नववर्षाला दोन दिवस येई, त्यातला एक झोपण्यात जाई. केस पांढरे झाले ते तिने रंगवले. मी दर वेळी ठरवायचो, आता सांगू. मग ती गाडीचं तिकीट बघायला लागायची.

या एप्रिलमध्ये एका मंगळवारी दुपारी ती न कळवता दुकानात आली. तोंडावर मास्क होता. मला वाटलं, सर्दी.

"बाबा, दचकू नका," असं म्हणून तिने मास्क काढला.

डावी बाजू खाली उतरली होती. ओठाचा कोपरा, गाल, सगळं ओघळलेलं. उजवी बाजू मात्र माझ्याकडे बघून हसत होती.

"परवा सकाळी दात घासताना पाणी सांडायला लागलं. इस्पितळात जाऊन आले, मेंदूला काही नाही. नस आहे म्हणे. ताण, झोप, तेच सगळं. सुया लावून बरं होतं ना हे?"

थंग वैद्यांच्या जागी आता श्यू बाई बसतात. तरुण आहेत, हात चांगला आहे. त्यांनी चेहऱ्यावर अकरा सुया लावल्या आणि म्हणाल्या, "महिनाभर रोज यावं लागेल."

"आज जेवढं होईल तेवढं करा," सूयिन म्हणाली. "चार चाळीसची बस आहे. उद्या सकाळी सादरीकरण आहे माझं."

"अशा तोंडाने?"

"कॅमेरा बंद ठेवीन."

सुया काढल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली आणि कपाटाला टेकली. तिचं बोलणं ओठाच्या एका बाजूने गळत होतं, ती रुमालाने टिपत होती.

"बाबा, त्या वेळचा काढा द्या ना. तोच. सहा दिवसांचा बांधून द्या, मी तिथे करून घेईन. त्यानेच उभी राहिले होते मी."

आणि मग मी सांगितलं. तीन वर्षं जे जमलं नव्हतं ते एका दमात सांगितलं. चकत्या, आलं, गल्लीच्या तोंडचा चोथा, वैद्यांचा रुमाल, तो फोन. ते म्हणाले होते की तू स्वतःहून थांबायला तयार झाली होतीस, हेही सांगितलं. फांगच्या मुलाचंही सांगितलं. काही लपवलं नाही. तिने रडावं, मला शिव्या द्याव्यात, काहीही करावं, अशी माझी तयारी होती.

तिने रुमालाने ओठ टिपला. मग म्हणाली, "आता किती उरलंय?"

"काय?"

"जिनसेंग. सगळं संपलं का?"

"अर्धं आहे."

"मग घाला ना."

"सूयिन, मी काय सांगितलं ते ऐकलंस का तू?"

"ऐकलं. घाला."

"नाही."

"त्या वेळी न विचारता घातलंत," ती म्हणाली. आवाज चढला नाही, चढवायलाही ताकद लागते. "आज मी मागतेय. आज नाही म्हणताय?"

मी चिठ्ठ्यांची जुनी वही उघडली, थंग वैद्यांचं अक्षर शोधलं, आणि कागद पसरून गहू, ज्येष्ठमध, बोरं अशा तीन ढिगल्या मांडायला लागलो. काट्यावर तोलून. ती थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत होती.

"तुम्ही पण ना, बाबा," म्हणाली. "बसते दोन मिनिटं. झालं की उठवा. साडेचारला उठवाच."

ती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली, डोकं भिंतीला टेकवलं आणि फोन हातात धरूनच झोपली. मी पुडी बांधून तिच्याकडे गेलो. श्वास लांब येत होता. उजवा डोळा मिटला होता. डावा मिटत नव्हता, त्या बाजूची पापणी खाली येतच नव्हती. बुबुळ वर गेलेलं, खाली पांढरी पट्टी उघडी, आणि समोरच्या काचेतून दुपारचं ऊन सरळ त्यात येत होतं. झोपेतही तिच्या त्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

मी शेजारी बसलो आणि तळहात तिच्या डोळ्यावर धरला, टेकवला नाही, नुसता आडवा. तिने हलकेच मान माझ्याकडे टाकली. आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला श्यू बाईंनी खुणेने थांबवलं. फोन तिच्या मुठीत थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. साडेचार वाजले. चार चाळीसला पुलावरून बस गेली, तिचा भोंगा ऐकू आला. ऊन काचेवरून सरकलं तसा मी हात सरकवत राहिलो.